पंचवीस वर्षे मुरणारी बिअर : ‘थॉमस हार्डीज एल’चे तीन जन्म

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या डॉर्सेट परगण्यात डॉर्चेस्टर नावाचे बाजारपेठेचे जुने गाव आहे. तेथील एल्ड्रिज पोप या ब्रुअरीने १९६८ साली एक बिअर विक्रीस आणली. तिच्यात मद्यार्काचे प्रमाण सुमारे १२ टक्के होते, बाटल्यांवर साल आणि क्रमांक असत, आणि ती किमान २५ वर्षे ठेवता येईल, ठेवल्याने बिघडण्याऐवजी उलट सुधारत जाईल, असा तिच्या कर्त्यांचा दावा होता. तिचे नाव ‘थॉमस हार्डीज एल’; ‘एल’ हा इंग्लिश बिअरचा जुना प्रकार. १९९९ च्या हंगामानंतर मूळ ब्रुअरीत ती बनणे थांबले. २००३ ते २००८ या काळात ती शेजारच्या डेव्हन परगण्यातील एका लहान ब्रुअरीत बनली. २०१२ मध्ये तिच्या नावाची मालकी इटलीतील एका कंपनीकडे गेली आणि त्यानंतर ती तिसऱ्यांदा सुरू झाली. २५ वर्षांचा वायदा करणाऱ्या वस्तूला ४५ वर्षांच्या आत तीन वेगवेगळे मालक पाहावे लागले, ही या प्रकरणातील मूळ अडचण आहे.

जुनी, कडक, बहुतेकांच्या विस्मरणात गेलेली बिअर पुन्हा सुरू करायची म्हणजे नेमके काय पुन्हा सुरू करायचे, असा प्रश्न हे प्रकरण अभ्यासताना समोर येतो. कृती, यीस्ट, गाव, नाव आणि ती मुरेपर्यंत थांबण्याची ऐपत अशा पाच गोष्टी येथे गुंतलेल्या आहेत. कृती लिहून देता येते, यीस्ट बाटलीतून नेता येते आणि नाव विकता येते. थांबण्याची ऐपत मात्र कोणत्याही कराराने एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही, आणि माझ्या मते या बिअरचे दोनदा बंद पडणे प्रामुख्याने त्यामुळेच घडले.

‘कडक’ म्हणजे काय

महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात ‘स्ट्राँग बिअर’ या शब्दाने उभे राहणारे चित्र आधी बाजूला ठेवावे लागेल. आपल्याकडे ५ ते ८ टक्के मद्यार्काच्या, बर्फासारख्या थंड करून प्यायच्या आणि लवकर चढण्यासाठी निवडल्या जाणाऱ्या लागर बिअरला ‘स्ट्राँग’ म्हणतात. तेथे कडकपणा हाच हेतू असतो. ज्या इंग्लिश परंपरेविषयी आपण बोलत आहोत, तिच्यात मद्यार्काचे प्रमाण हे टिकाऊपणाचे साधन होते. भरपूर माल्ट (मोड आणून वाळवलेले जव), भरपूर हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी वेलीची फुले) आणि त्यातून येणारा भरपूर मद्यार्क यांमुळे बिअर वर्षानुवर्षे टिकत असे आणि टिकता टिकता बदलत असे. इंग्लंडच्या ग्रामीण भागातील जमीनदारांच्या वाड्यांत घरची ब्रुअरी असे आणि तेथे शरद ऋतूत, नव्या हंगामातील हॉप्स हाती आल्यावर, वर्षातील सर्वांत कडक बिअर गाळली जाई. तिला ‘ऑक्टोबर बिअर’ म्हणत. घरात वारस जन्मला की त्या वर्षीचे एक पिंप राखून ठेवायचे आणि तो २१ वर्षांचा झाला की ते फोडायचे, अशीही प्रथा काही घराण्यांत होती. पुढे व्यापारी ब्रुअरींनी या प्रकाराला ‘ओल्ड एल’ आणि ‘बार्ली वाइन’ अशी नावे दिली. यांपैकी दुसरे नाव वाइनच्या तोडीच्या मद्यार्कावरून आले असले, तरी त्यात द्राक्षाचा अंशही नसतो.

मराठीत या प्रक्रियेसाठी ‘मुरणे’ हा नेमका शब्द आहे. लोणचे मुरते तेव्हा त्यात नवे काही घातलेले नसते. जे आहे तेच एकमेकांत उतरते, तिखटपणाची धार कमी होते आणि आधी नसलेली चव तयार होते. बार्ली वाइन बाटलीत असताना जे होते, ते ‘साठवण’ या शब्दापेक्षा ‘मुरणे’ या शब्दात अधिक अचूकपणे सांगता येते.

ही परंपरा क्षीण होण्याचे कारण लोकांची आवड बदलणे एवढेच नव्हते. पहिल्या महायुद्धात धान्य वाचवण्यासाठी ब्रिटिश सरकारने बिअरच्या उत्पादनावर आणि कडकपणावर निर्बंध आणले आणि शुल्कही अनेक पटींनी वाढवले. आंबवण्याआधी माल्टचा गोड अर्क, म्हणजे वॉर्ट, पाण्याच्या तुलनेत किती जड आहे, त्यावर बिअरचा कडकपणा मोजला जाई. पाण्याची घनता १००० धरली, तर १९१४ मध्ये ब्रिटिश बिअरची सरासरी आरंभिक घनता १०५२ च्या आसपास होती. १९१९ पर्यंत ती सुमारे १०३० वर आली आणि पुढे ती जुन्या पातळीवर कधीच परतली नाही. शिवाय १९९३ पर्यंत ब्रिटनमधील शुल्क तयार बिअरमधील मद्यार्कावर आकारले न जाता या आरंभिक घनतेवरच आकारले जात असे. परिणामी अर्क जितका जड असेल तितका कर जास्त बसे. अशा व्यवस्थेत कडक बिअर ही ब्रुअरीच्या दृष्टीने नाताळच्या सुमारास मोजक्या प्रमाणात काढायची वस्तू होऊन बसली.

कादंबरीतील एक परिच्छेद

थॉमस हार्डी हे कादंबरीकार आणि कवी १८४० साली डॉर्चेस्टरजवळच्या एका खेड्यात जन्मले आणि त्यांच्या उत्तरायुष्याचा मोठा भाग त्यांनी डॉर्चेस्टरमध्येच स्वतः बांधून घेतलेल्या घरात काढला. त्यांच्या साहित्यातील ‘कॅस्टरब्रिज’ म्हणजे हेच गाव होय. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द ट्रम्पेट-मेजर’ या, नेपोलियनच्या काळात घडणाऱ्या कादंबरीत त्यांनी कॅस्टरब्रिजच्या कडक बिअरचे वर्णन केले आहे. तिचा रंग कलावंताला समाधान देणारा आहे, अंगाने ती भरदार असूनही ज्वालामुखीसारखी चपळ आहे, शरदातील सूर्यास्तासारखी ती उजळ आहे आणि शेवटी थोडी चढणारी आहे, अशा आशयाचा तो परिच्छेद आहे. रस्त्यात झिंगून गोंधळ घालणाऱ्याने आपण परगावचे आहोत आणि येथील पेयाची आपल्याला कल्पना नव्हती एवढे सिद्ध केले, तर न्यायाधीश त्याला सन्मानाने सोडून देत, असेही हार्डी तेथे सांगतात.

या परिच्छेदातील एक तपशील नेहमी दुर्लक्षिला जातो, आणि या प्रकरणाच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा आहे. हार्डी या बिअरविषयी लिहितात तेव्हा ती जवळजवळ इतिहासजमा झालेली वस्तू आहे, असे तेच नमूद करतात. म्हणजे १८८० मध्येच डॉर्चेस्टरची ही जुनी बिअर आठवणीच्या प्रांतात गेली होती. १९२८ च्या जानेवारीत हार्डी निधन पावले. १९६८ मध्ये त्यांच्या निधनाला ४० वर्षे होत असताना डॉर्चेस्टरमध्ये त्यांच्या नावाने महोत्सव भरला आणि त्या निमित्ताने एल्ड्रिज पोपने ही बिअर काढली. त्या वेळी हाताशी होते ते चवीचे एक साहित्यिक वर्णन. म्हणून ज्याला आपण या बिअरचा मूळ जन्म समजतो, तोही एका अर्थाने पुनरुज्जीवनच होता. पुढील दोन प्रयत्नांना ‘नक्कल’ आणि पहिल्याला ‘अस्सल’ म्हणताना हे विसरून चालणार नाही.

एल्ड्रिज पोपला हा मान घेण्याचा अधिकार मात्र होता. १८३७ पासून गावात मुळे असलेली ही ब्रुअरी रेल्वेलगतच्या विटांच्या मोठ्या इमारतीत चाले, आणि पोप घराण्यातील आल्फ्रेड पोप यांच्याशी हार्डींची मैत्री होती.

ही बिअर बनते कशी

‘थॉमस हार्डीज एल’ची आरंभिक घनता ११२५ च्या आसपास होती. साध्या भाषेत सांगायचे तर एक लिटर पाणी एक किलो भरते, तर हा अर्क एक लिटरला सव्वाअकराशे ग्रॅम भरत असे. इतका दाट अर्क मिळवायचा तर माल्ट गरम पाण्यात भिजवल्यानंतर पहिल्यांदा निथळणारा, सर्वांत गोड अर्क तेवढा घ्यावा लागतो. त्यानंतर त्याच माल्टवर पुन्हा पाणी घालून निघणारा पातळ अर्क या बिअरच्या कामाचा नसतो. जुन्या ब्रुअरी तो दुसऱ्या, साध्या बिअरसाठी वापरत. त्यामुळे नेहमीच्या बिअरसाठी लागणाऱ्या माल्टच्या कितीतरी पट माल्ट येथे लागतो आणि हाती येणारी बिअर मात्र थोडी असते. पहिला अर्क घेतल्यावर तो हॉप्ससह दीर्घ काळ उकळून आटवतात. बासुंदी आटवताना दुधाला रंग आणि खमंगपणा येतो, त्याच प्रकारची रासायनिक क्रिया येथेही होते, आणि म्हणून प्रामुख्याने फिकट माल्ट वापरूनही बिअरला तांबूस-तपकिरी रंग चढतो.

खरी कसोटी आंबवताना लागते. इतक्या गोड द्रवात यीस्टवर ताण येतो, आणि मद्यार्क वाढत जातो तसतसा तोच मद्यार्क यीस्टला मारक ठरू लागतो. यीस्ट दमून तळाशी बसले की ते पुन्हा ढवळून कामाला लावावे लागते. बिअर पुरती आंबली, तरी ती लगेच पिण्याजोगी नसते. टाकीत काही महिने स्थिरावल्यावरच ती बाटलीत जाते. तोवर ती टाकी दुसऱ्या कोणत्याही कामाला उपलब्ध नसते, आणि लहान ब्रुअरीत टाकी अडकणे म्हणजे पैसा अडकणे होय.

बाटलीत जिवंत यीस्ट ठेवले जाते. बुचाखाली राहिलेला प्राणवायू ते शोषून घेते आणि त्यामुळे बिअर लवकर शिळी होत नाही. नवी बाटली उघडली तर चव पाकासारखी गोड, हॉप्समुळे कडवट आणि मद्यार्कामुळे घशाला गरम लागणारी असते. अनेकांना ती आवडत नाही आणि त्यात त्यांची चूक नाही. पुढील वर्षांत हॉप्सचा कडवटपणा उतरू लागतो, सुकलेले अंजीर, मनुका, खजूर आणि टॉफी यांची आठवण करून देणाऱ्या चवी पुढे येतात, आणि दीड-दोन दशकांनंतर संथपणे झालेल्या ऑक्सिडीकरणामुळे शेरी किंवा मदेरा या वाइनसारखा सुकामेव्याचा वास येतो. प्रत्येक बाटली येथवर पोहोचतेच असे मात्र नाही. बूच सैल असेल, बाटली उष्ण जागी किंवा उजेडात राहिली असेल, तर उरतो तो ओल्या पुठ्ठ्याचा वास. यीस्टच्या पेशी फार प्रमाणात फुटल्या तर सोया सॉससारखी खारट-मांसल छटा येते. म्हणून बाटली उभी, अंधारात आणि १३ अंश सेल्सियसच्या आसपास ठेवायची, पिताना तळाचा गाळ न ढवळता लहान पेल्यात हळूहळू ओतायची आणि ती फ्रीजमधून काढल्याबरोबर तोंडाला लावायची नाही, हा जाणकारांचा सल्ला आहे. थंडीने तिच्यातील बराचसा सुगंध झाकला जातो, आणि त्यासाठीच तर इतकी वर्षे थांबलेलो असतो.

या बिअरच्या रसिकांत जी पद्धत रूढ झाली, तिचेही मोल मोठे आहे. एकाच बिअरच्या वेगवेगळ्या सालांच्या बाटल्या ओळीने मांडून चाखायच्या आणि फरक टिपायचा, ही रीत वाइनच्या जगात जुनी होती. बिअरच्या जगात ती रुजवण्यात ‘थॉमस हार्डीज एल’चा वाटा मोठा आहे. बाटलीवर छापलेले साल ही त्यामागची साधी, परंतु दूरदर्शी कल्पना होती.

बंद पडणे, दोनदा

सुरुवातीच्या काळात ही बिअर दरवर्षी बनत नसे. पुढे ती नियमित झाली आणि अमेरिकेत तिला निष्ठावान चाहते मिळाले. तोवर अमेरिकेतही या प्रकाराने मूळ धरले होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने १९७५ मध्ये ‘ओल्ड फॉगहॉर्न’ आणि कॅलिफोर्नियातीलच सिएरा नेवाडाने १९८३ मध्ये ‘बिगफूट’ ही बार्ली वाइन काढली. दुसरीकडे मायदेशी, चाहते वाढत असतानाच एल्ड्रिज पोपचे हित बिअरपेक्षा पबच्या मालमत्तेत अधिक दिसू लागले. १९९७ मध्ये ब्रुअरी पबपासून वेगळी करून ‘थॉमस हार्डी ब्रुइंग’ या नावाने, मुख्यतः इतरांसाठी बिअर बनवणारी कंपनी म्हणून चालवण्यात आली. लेखकाचे नाव कंपनीने धारण केले, परंतु त्याच्या नावाची बिअर १९९९ नंतर काढली नाही. २००३ मध्ये डॉर्चेस्टरची ब्रुअरीच बंद झाली, आणि आज त्या जागी ‘ब्रुअरी स्क्वेअर’ नावाची घरे, दुकाने आणि उपाहारगृहे आहेत.

मधल्या काळात या बिअरची अमेरिकेत आयात करणाऱ्या फीनिक्स इम्पोर्ट्सने नावाचे हक्क मिळवले होते. डेव्हनमधील व्हिंपल या खेड्यातील ओहॅनलन्स या ब्रुअरीने त्यांच्याकडून परवाना घेतला आणि २००३ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी मूळ ब्रुअरीला कुलूप लागले त्याच वर्षी, नवा हंगाम काढला. ओहॅनलन्सने एल्ड्रिज पोपची ‘रॉयल ओक’ ही दुसरी बिअरही पुन्हा सुरू केली होती, यावरून हा एक सुटा, हौशी प्रयोग नव्हता हे लक्षात यावे. बाटल्यांवर साल आले, ११.७ टक्के मद्यार्क आला, आणि चाखणाऱ्यांनी त्या जुन्या हंगामांशेजारी ठेवून पारखल्या. तरीही २००८ च्या हंगामानंतर ओहॅनलन्सने हात आखडता घेतला. माझ्या मते याला कौशल्याची कमतरता म्हणणे अन्यायाचे होईल. लहान ब्रुअरी रोजच्या विक्रीतून पुढच्या आठवड्याचा माल्ट विकत घेते. महागडा माल्ट, तासन्तास चालणारी भट्टी, महिनोन्महिने अडकलेली टाकी आणि परक्या मालकीच्या नावाचे शुल्क हे सर्व तिने सोसायचे, आणि ज्या पक्व चवीमुळे बिअरची कीर्ती झाली ती चव तयार होईपर्यंत बाटली गिऱ्हाइकाच्या कपाटात गेलेली असायची. मुरण्याचा खर्च आणि मुरण्याचे फळ हे वेगवेगळ्या खिशांत जातात, अशी ही रचना आहे.

याउलट, जेथे ही परंपरा अखंड राहिली ती घरे पाहावीत. स्टॉकपोर्टच्या रॉबिन्सन्सची ‘ओल्ड टॉम’ १८९९ पासून चालू आहे, मँचेस्टरच्या जे. डब्ल्यू. लीजची ‘हार्वेस्ट एल’ १९८६ पासून वर्षागणिक निघते. दोन्ही ब्रुअरी कुटुंबाच्या मालकीच्या असून त्यांचे स्वतःचे पब आहेत, त्यामुळे रोजची साधी बिअर खपत राहते आणि तिच्या जोरावर एक टाकी शांतपणे थांबू शकते. लंडनच्या फुलर्सने १९९७ मध्ये ‘व्हिंटेज एल’ सुरू केली तेव्हा तिचीही स्थिती अशीच होती. पुढे २०१९ मध्ये ती ब्रुअरी जपानच्या असाही समूहाकडे गेली, परंतु ही मालिका चालू राहिली.

तिसरा जन्म

२०१२ मध्ये ‘थॉमस हार्डीज एल’चे नाव इटलीच्या ब्रू इन्व्हेस्टने विकत घेतले. तिच्यामागे असलेले वेकियातो बंधू पादोवाजवळून विशेष बिअरची आयात आणि वितरण करणारी इंटरब्राउ ही कंपनी चालवतात. त्यांनी बिअर इंग्लंडमध्येच बनवून घेण्याचा निर्णय घेतला आणि ते काम लंडनच्या ग्रिनिचमधील मीनटाइम ब्रुअरीकडे सोपवले. एका अर्थाने हे विचित्र वाटते, कारण डॉर्चेस्टरचे वर्णन, लंडनची भट्टी आणि इटलीची मालकी असा हा संसार उभा राहिला. मात्र पाच घटकांच्या दृष्टीने पाहिले, तर ही मांडणी पहिल्या पुनरुज्जीवनापेक्षा शहाणपणाची आहे. ज्याची कमतरता ओहॅनलन्सला भोवली, ते भांडवल येथे वितरकाकडे आहे. इटलीतील गिऱ्हाइकाला बाटलीवरचे साल पाहून किंमत मोजण्याची आणि तळघरात थांबण्याची सवय आहे, आणि नावाचा मालक व विक्रेता एकच असल्याने मुरलेल्या मालाचा लाभ त्याच्याकडेच परत येऊ शकतो.

प्रतिकूल बाजूही नोंदवली पाहिजे. ऑक्टोबर २०११ पासून ब्रिटनमध्ये ७.५ टक्क्यांहून अधिक मद्यार्काच्या बिअरवर सर्वसाधारण शुल्काच्या २५ टक्के इतके जादा शुल्क लागू झाले, आणि ऑगस्ट २०२३ च्या नव्या रचनेत ८.५ टक्क्यांच्या वरच्या बिअरला वाइनच्याच दराने मोजले जाऊ लागले. स्वस्त, कडक लागर पिऊन होणारे नुकसान रोखण्याचा २०११ च्या शुल्कामागचा हेतू मला मान्य आहे. तथापि लहान पेल्यात वर्षातून एकदा प्यायच्या बिअरलाही त्याच मापाने मोजले गेले, ही वर्गीकरणातील खरी उणीव आहे. गाव मात्र कायमचे सुटले. डॉर्चेस्टरमध्ये ही बिअर बनत नाही, आणि माझ्या मते हा तोटा नव्या लेबलावरील हार्डींच्या नावाने भरून निघत नाही.

चवीबाबतचा निर्णय देण्याची वेळ अजून यायची आहे. एल्ड्रिज पोपच्या शेवटच्या, १९९९ च्या हंगामाने २०२४ मध्ये २५ वर्षे पूर्ण केली, म्हणून मूळ वायद्याची परीक्षा आता घेता येते, आणि नीट जपलेल्या बाटल्या असलेल्यांनी ती घ्यावी. पहिल्या पुनरुज्जीवनाची परीक्षा त्यानंतरची आहे. ओहॅनलन्सने २००३ मध्ये भरलेल्या बाटल्यांना २५ वर्षे २०२८ मध्ये होतील, आणि हार्डींच्या निधनाची शताब्दीही त्याच वर्षी येते. तोपर्यंत ज्यांच्या कपाटात त्या हंगामाच्या दोन बाटल्या असतील, त्यांनी एक त्या वर्षी उघडावी आणि दुसरी बंदच ठेवावी.